पाठमोरा कोट

४ जून

प्रिय काका,

नमस्कार. फोनच करणार होते, पण तुमच्या कानांची आणि फोनची सोयरीक काही जमत नाही. आयुष्यभर थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरचा खडखडाट ऐकल्यावर दुसरं काय होणार! म्हणून हे पत्र.

बातमी मोठी आहे. आमच्या संग्रहालयाने बाबांचं प्रदर्शन भरवायचं नक्की केलंय. त्यांचे सगळे पोशाख, संवादांच्या वह्या, चाहत्यांची पत्रं आणि मेकअपची पेटीसुद्धा. ते सगळं नीट करून मांडायचं काम माझ्याकडे आलंय, कारण जुने कपडे सांभाळायची नोकरी करणारी इथे मी एकटीच. सध्या तळघरातल्या खोलीत लांब टेबलावर मऊ कागद पसरलाय आणि त्यावर आज इन्स्पेक्टर, उद्या न्यायाधीश, परवा दरोडेखोर असे माझे बाबा एकेक करून झोपतात. मी हातमोजे घालून त्यांची धूळ झटकते. काल त्यांच्या एका वहीत संवादाच्या बाजूला "इथे फार ओरडू नये, मागच्या वेळी घसा बसला" असं लिहिलेलं सापडलं आणि मी एकटीच हसत बसले.

आता मुद्द्याचं. बाबांच्या त्या गाजलेल्या सिनेमाच्या शेवटच्या दृश्यातला तपकिरी कोट तुमच्याकडे आहे ना? बाबा नेहमी म्हणायचे, कोट धाकट्याकडे आहे आणि तिथेच बरा आहे. संचालकबाईंना तो दालनाच्या मधोमध हवाय. शेजारी पडद्यावर ते दृश्य सतत चालू राहील. बाप मुलीचं घर सोडून चुन्याच्या भिंतीकडेने चालत जातो, क्षणभर थांबतो, खांदा जरासा झुकतो, आणि मागे न बघता निघून जातो.

काका, बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचले नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून फार आठवण आली की मी तेवढंच दृश्य बघते. त्यांचा चेहरा तर फोटोत आहेच, पण ती पाठ बघितली की वाटतं, मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले होते. म्हणून तो कोट मला हवाय. संग्रहालयालाही हवाय, पण आधी मला.

काकूला नमस्कार.

तुमची,
भिंगरी


१३ जून

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. प्रदर्शनाचं वाचून आनंद झाला. दादा असता तर "माझा पायजमा लोकांना दाखवणार?" म्हणून आरडाओरडा केला असता आणि मग कोणता पायजमा ते स्वतःच निवडून दिलं असतं.

कोटाचं मात्र तू मनावर घेऊ नकोस. तो फार जुना झालाय. कसर लागली असणार. शिवाय त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास येतो की बघायला आलेली माणसं दारातूनच परत फिरतील. त्यापेक्षा न्यायाधीशाचा झगा मधोमध ठेव. भारदस्त दिसतो. किंवा ती काठी ठेव, जिच्यावर टेकून दादा त्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत चालायचा. काठीला कसर लागत नाही.

आणि एकच दृश्य किती वेळा बघायचं? दादाने इतकी कामं केली. हसवलंन, रडवलंन, मार खाल्लान. त्याचा चेहरा बघ की. नट चेहऱ्याने ओळखायचा असतो.

गुडघे ठीक. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
काका

ता. क. — भिंगरे, पाकीट मी चिकटवते म्हणून हे लिहायला मिळतंय. कोटाला कसर नाही, वास नाही, काही नाही. दर वर्षी उन्हं चांगली पडली की हे स्वतः तो गच्चीत वाळत घालतात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात. मला हात लावू देत नाहीत. तू मागे लाग. — काकू


२० जून

प्रिय काका,

कसर लागलेले कपडे बरे करणं हाच माझा धंदा आहे. लोकरीचं काही आलं की आम्ही ते पिशवीत बंद करून आधी थंडगार पेटीत ठेवतो, कीड आपोआप मरते. तेव्हा ती सबब चालणार नाही. दुसरी शोधा.

मी बाबांच्या मापाचा पुतळा तयार केलाय. बाजारचा पुतळा काटकुळा, त्यावर बाबांचं काही बसेना. मग त्याला कापूस लावत लावत वाढवला. गणवेश, झगा, दरोडेखोराचं जाकीट, तिन्हींवरून मापं घेतली. खांदे रुंद, हात आखूड, पोट थोडं पुढे. पूर्ण झाल्यावर दिवा बंद करून निघाले तर अंधारात बाबाच उभे! परत दिवा लावून थोडा वेळ तिथेच बसले.

तुम्ही म्हणता चेहरा बघ. तुम्हाला आठवत नाही का? तुमच्या केबिनमधलं ते उंच स्टूल, त्यावर मी, आणि समोर भिंतीतली ती चौकोनी खिडकी. शेवटचं रीळ लागलं की मी खिडकीला तोंड लावून ओरडायचे, "बाबा, मागे बघा ना!" खालची माणसं वर माना करून बघायची. बाबा काही मागे बघायचे नाहीत. मी भोकाड पसरलं की तुम्ही मला कडेवर घेऊन म्हणायचात, "उद्याच्या खेळात बघतील हं." आणि मी दुसऱ्या दिवशी परत हजर. मी चार वर्षांची असताना तो सिनेमा तुमच्याकडे पुन्हा लागला, तो किती आठवडे चालला आणि मी किती वेळा फसले, देव जाणे.

काका, मी लहान नाही आता, पण तोच हट्ट करतेय. आमची गाडी पुढच्या आठवड्यात तुमच्या बाजूला येणार आहे. कोट द्या.

तुमची,
भिंगरी


२९ जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद. कोट गाडीवाल्याबरोबर दिला आहे. जुन्या चादरीत गुंडाळलाय. तुझा हट्ट दादासारखाच, त्यापुढे माझं कधी चाललं नाही आणि आजही चाललं नाही.

दोन विनंत्या. एक, त्याच्यावर फार प्रकाश टाकू नका. दोन, लावताना पाठ भिंतीकडे करून लाव. समोरून तो जास्त शोभतो. बटणं चांगली आहेत.

स्टूल आठवतं. खिडकीवर तुझ्या नाकाचा डाग पडायचा, तो मी रोज पुसायचो.

तुझा,
काका

ता. क. — गाडी वळेपर्यंत हे फाटकात उभे होते. मी म्हटलं, कोट गेलाय, मुलगी सासरी नाही गेलेली. तर चिडले. रात्री जेवले नाहीत धड. — काकू


११ जुलै

प्रिय काका,

राग आला तर येऊ दे, पण विचारणार. हा कोट कुणी खराब केलाय?

बाबांच्या पुतळ्यावर तो चढतच नाही. खांद्यांत अडकतो. पुढून बटणं लागत नाहीत आणि बाह्या मात्र बोटांच्या टोकापर्यंत लोंबतात. आधी वाटलं, चुकून दुसराच कोट आला. मग भिंगाखाली पाहिला. कोट तोच आहे, आत शिंप्याची खूण आहे आणि बाबांच्या नावाची चिंधीही. पण दोन्ही बाजूंच्या शिवणी आत दाबून घेतल्यात, त्याही हाताने, घाईघाईत घातलेल्या धावदोऱ्याने. बाह्यांची दुमड सोडून त्या लांब केल्यात. रुंद माणसाचा कोट कुणीतरी उंच, सडपातळ माणसाचा केलाय.

काका, आपल्या घरात उंच आणि सडपातळ कोण आहे ते मी सांगायला नको. थंडीत घालायला म्हणून करून घेतलात का? मला दुसरा घेऊन दे म्हटलं असतंत तरी बाबांनी दहा दिले असते. तो साधा कोट नव्हता हो. मला खरंच फार वाईट वाटलं, आणि ते तुम्हाला न सांगता गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

संचालकबाई म्हणतात, टाके उसवून मूळच्या मापाला आणा, नाहीतर मधल्या काचेत दुसरं काही ठेवू. एरवी मी जुन्या टाक्याला हात लावत नाही. एकदा उसवला की तो परत तसा घालता येत नाही. पण हे टाके बाबांचे नाहीत. तुम्ही हो म्हणालात तर उसवते.

भिंगरी


१८ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं बरोबर आहे. कोट मीच लहान करून घेतला. थंडी होती, घालावासा वाटला. म्हातारपणी माणसाला कसली कसली हौस येते.

टाके खुशाल उसव. अजिबात मागेपुढे बघू नकोस. बाह्या पुन्हा दुमड, दादाच्या पुतळ्यावर चढव आणि मधोमध लाव. लोक दादाला बघायला येणार, त्यांना दादाच दिसला पाहिजे. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण फार दिवस नको.

तुझा,
काका

ता. क. — कात्री खाली ठेव. आधी हे वाच.

म्हातारपणी म्हणे हौस! तो कोट घरात आल्यापासून यांनी एकदाही अंगात घातलेला मी पाहिलेला नाही. फक्त उन्हात घातलाय. आता यापुढचं मी लिहू शकत नाही, कारण यांनी माझ्याकडून वचन घेतलंय आणि मी ते आजवर पाळलंय. पण मापं द्यायला मला कुणी बंदी केलेली नाही. दुपारी हे खुर्चीत घोरत होते तेव्हा टेप लावून घेतली. जागे झाले तर स्वेटर विणतेय म्हणून सांगणार होते. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलीत. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, तो मी दोनदा मोजला. रिळांचे ते लोखंडी डबे उचलून केबिनचे जिने चढून चढून तसा झालाय, लग्नाआधी मला बघायला आले तेव्हासुद्धा तसाच होता. तू हुशार आहेस. — काकू


२ ऑगस्ट

प्रिय काका,

उत्तराला उशीर झाला. मधले काही दिवस मी तुमच्यावर रागावले होते, मग स्वतःवर, मग बाबांवर. आता कुणावरच नाही, म्हणून लिहायला बसले.

टाके उसवलेले नाहीत.

कात्री हातात घेतली होती. त्याआधी फक्त अस्तर थोडं वर करून शिवणीची आतली बाजू पाहिली. कोटाच्या डाव्या बाजूला चुन्याचा पट्टा आहे, बाहीवरून निघून पाठीपर्यंत गेलेला. त्या दृश्यात भिंतीला अंग घासून चालताना लागलेला, आम्हाला सगळ्यांना माहीत असलेला. तो पट्टा शिवणीवरून सलग गेलाय. शिवणीच्या आत जे कापड दाबलंय, ते मात्र स्वच्छ. त्यावर चुन्याचा कणही नाही. म्हणजे कोट आधी लहान झाला आणि मग भिंतीला लागला. तुम्ही नंतर थंडीत हौस केली असती, तर चुना आतही असता.

मग मी काकूची चिठ्ठी घेतली, बाजारचा काटकुळा पुतळा आणला, आणि त्यावर तुमची मापं चढवली. फार कापूस लागला नाही. डावा खांदा खाली घेतला. कोट घातला. बाह्या बरोबर मनगटाशी आल्या. मागे जाऊन उभी राहिले, काका. तीच ती पाठ.

ज्या खांद्यावर लोकांनी इतकं लिहिलं, "नटाने नुसता खांदा झुकवून बापाचं दुःख दाखवलं" म्हणून बाबांच्या वहीत कात्रणं चिकटवलेली आहेत, तो खांदा झुकवलेला नव्हताच. तो तसाच होता. रिळांच्या डब्यांनी केलेला.

आणि ते दृश्य तुम्ही स्वतः रोज पडद्यावर दाखवत होतात. मी तुमच्याच कडेवर बसून तुमच्याच पाठीला "बाबा" म्हणून हाका मारत होते, आणि तुम्ही मला उद्याचा वायदा करत होतात. कसं जमलं हो तुम्हाला?

एकच विचारते. त्या दिवशी बाबा कुठे होते? मी इतकी वर्षं त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले असं समजत होते, आणि ते तिथे नव्हतेच. खरं खरं सांगा. आता मला आणखी उद्यावर ढकलू नका.

भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझ्या काकूला मी चांगलं झापलं आहे. तिच्यावर काही परिणाम झालेला नाही.

हो, मीच चाललो. अभिनय वगैरे काही केला नाही. मी काही निरोप घेऊन तिथे गेलो होतो, आणि दादाला तातडीचं महत्त्वाचं काम निघालं. त्याला ताबडतोब जायला हवं होतं. ती गल्ली तेवढ्याच दिवसापुरती मिळालेली, भिंत ताजी रंगवलेली. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. दादाने अंगातला कोट काढला, माझ्या अंगावर टाकला, माझी सायकल घेतली आणि गेला. शिंप्याने माझ्या अंगावरच चार टाके मारले. दिग्दर्शक म्हणाला, चाल आणि मागे बघू नकोस, बघितलंस तर सगळं वाया. मी चाललो. मधे थांबलो, कारण बूट दादाचे होते आणि एक पाय निसटत होता. त्यावरही कुणीतरी लेख लिहिला.

सिनेमा चालला तेव्हा दादा सगळ्यांना सांगायला निघाला होता. मीच त्याला गप्प बसवलं. खाली माणसं रुमाल काढून रडायची. त्यांना सांगायचं, की बाबांनो, हा तर वर मशीन चालवतो तो? कशाला त्यांचं रडणं खोटं पाडायचं? दादाने मग तो कोट मला दिला. म्हणाला, तुझा आहे.

आणि तू. तू खिडकीशी ओरडायचीस तेव्हा माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. पण बाबा म्हणून जे तू बघत होतीस, ते तुझ्याकडून कसं काढून घेऊ? दादा गेल्यावर तर ते तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. तुझ्याजवळ तेवढंच होतं.

नाव दादाचंच राहू दे. बाप त्यानेच उभा केला, आख्खा सिनेमाभर. मी फक्त शेवटी चाललो.

तुझा,
काका

ता. क. — हे अजूनही अर्धंच सांगतायत. "महत्त्वाचं काम" म्हणे! महत्त्वाचं काम म्हणजे तू.

मी तेव्हा दवाखान्यात तुझ्या आईजवळ होते. फार अवघड झालं होतं, डॉक्टरांनी घरच्यांना बोलवा म्हणून सांगितलं. तो निरोप घेऊन हे धावले. भाऊजी आले ते सायकल दारात टाकूनच, तोंडाला मेकअप, अर्धी दाढी चिकटलेली. नर्स त्यांना आत सोडेना. तेवढ्यात तू झालीस. तुला हातात घेतलं तर त्या दाढीला बघून तू असा टाहो फोडलास की त्यांनी ती तिथल्या तिथे उपटून काढली, गालाची सालं निघाली. मग हसतायत काय, रडतायत काय.

आपल्यापायी बाबांचं दृश्य हुकलं असं तुला वाटेल, म्हणून हे लिहीत नाहीत. मला नाही तसं वाटत. भिंगरे, तिकडे गल्लीत सगळं जग ती पाठ बघत होतं ना, त्या वेळी तुझ्या बापाचं तोंड तुझ्याकडे होतं. — काकू


२४ ऑगस्ट

प्रिय काका आणि काकू,

पत्र वाचून तळघरात खूप रडले. हातमोजे भिजले म्हणून बदलावे लागले. आता एकदम बरं वाटतंय.

माझं ठरलंय, आणि संचालकबाईंनाही पटलंय. कोट मधोमधच राहील, आहे त्याच टाक्यांसकट, तुमच्या मापाच्या पुतळ्यावर, लोकांकडे पाठ करून. त्याच्या जवळच बाबांचा रुंद पुतळा असेल, त्यांच्या घरच्या साध्या सदऱ्यात, दाराकडे तोंड करून. पाटीचा मजकूर मी लिहिलाय. तुम्ही नको म्हणणार, म्हणून विचारत नाही, कळवते:

"कोट: नायकाचा. चाल: त्याच्या धाकट्या भावाची. त्या दिवशी नायक आपल्या नवजात मुलीला भेटायला गेला होता."

लोकांचं रडणं खोटं पडणार नाही हो काका. मी हे सगळं कळल्यावर ते दृश्य पुन्हा पाहिलं. जास्तच रडले.

उद्घाटनाला यायचंय. गाडी पाठवते. गुडघ्यांची सबब चालणार नाही, दुसरी शोधा.

तुमची दोघांची,
भिंगरी


१९ सप्टेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. सुखरूप पोचलो. पाटीवर मी रागावणार होतो, पण वाचेपर्यंत चष्म्यावर धुकं आलं, मग राहिलं. दादा सदऱ्यात छान दिसतो. पोट थोडं कमी केलंस, त्याला आवडलं असतं.

त्या दिवशी गर्दीत बोलायचं राहिलं, म्हणून लिहितो. निघताना मी त्या लांब पांढऱ्या बोळातून दाराकडे चाललो होतो. माझे कान कसे आहेत तुला माहीत आहे. काकू शेजारून काहीतरी बडबडत होती, तेही ऐकू येत नव्हतं. पण तू मागून जे म्हणालीस ते मला स्वच्छ ऐकू आलं. "काका, मागे बघा ना."

इतकी वर्षं पाय तसाच पुढे टाकत आलो, या वेळी जमलं नाही. तू तिथे उभी होतीस, नाक लाल झालेलं, अगदी स्टुलावरच्यासारखं.

तुझा,
काका

ता. क. — इतक्या झटक्यात वळले की मान धरली आहे. रोज रात्री बाम चोळतेय. दुखतं का विचारलं तर हसतात. — काकू